तक्ता फिरला, उगवत तिथेच

इंग्रजी ई हे अक्षर मी तीसेक वर्षं लोकांना दाखवत आले. ज्यांना दाखवलं त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते अक्षर आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे काही बिघडलंही नाही. कोणी त्याला फणी म्हणे, कोणी दाताळं. एक आजोबा तर 'मोडकी शिडी' म्हणाले होते. मी सरकारी दवाखान्यात डोळे तपासायचं काम केलं. कागदावर माझं पदनाम लांबलचक होतं, लोकांच्या तोंडी मात्र 'चष्म्याच्या डॉक्टरीणबाई' एवढंच. डॉक्टर मी नव्हे, हे सांगून सांगून थकले आणि मग सांगायचं सोडून दिलं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ज्याला वाचता येत नाही त्याची नजर मोजायची तर अक्षरांचा तक्ता उपयोगाचा नाही. म्हणून एकच ई उलटासुलटा फिरवून ओळीओळींनी छापलेला असतो. वरचा ई वीतभर, मग खाली खाली बारीक होत जातो. पेशंटला वीस फुटांवर बसवायचं आणि विचारायचं, दात कुठल्या बाजूला? वर, खाली, डावीकडे की उजवीकडे? शेवटची बरोबर सांगितलेली ओळ म्हणजे त्याची नजर. इतकं सोपं काम आहे, असं मला पहिली काही वर्षं वाटत होतं.

नियम खरं तर असा, की पेशंटने हाताने दाखवायचं. दात जिकडे, तिकडे हात. पण माझी खोड अशी की मी रजिस्टरमध्ये मान घालून लिहीत असे आणि म्हणत असे, "तोंडाने सांगा." आमचे मदतनीस रफिकभाई तक्त्यापाशी पट्टी घेऊन उभे राहत, पेशंट बोले, मी लिही. रांग लांब असे आणि अशाने वेळ वाचे. वाचवलेला वेळ कोणाच्या खात्यातून गेला, ते पुढे येईलच.

मी पुण्याची. लग्नानंतर जालना जिल्ह्यात आले तेव्हा माझी समजूत अशी, की मराठी मला येते आणि इथल्या लोकांना ती जरा कमी येते. ही समजूत सर्वांत आधी टेंभुर्णीच्या एका बाईने उतरवली. आमच्या छापील फॉर्मवर एक प्रश्न असे : दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात का? डोळ्यातला दाब वाढला की तसं होतं आणि काचबिंदूची ती एक खूण आहे. त्या बाईंना मी तो प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, न्हाई. मी 'नाही'वर खूण केली. उठता उठता त्या सहज म्हणाल्या, "बाकी काई न्हाई बाई, निस्तं दिव्याला खळं पडतंय. चांदाला पडतं ना, पावसाच्या आंदी, तसं."

मी त्यांना हाताला धरून परत बसवलं. दाब मोजायला लावला तर तो भलताच निघाला. त्यांच्याकडे त्या गोष्टीला माझ्यापेक्षा चांगला शब्द होता. माझा प्रश्न त्यांच्या घरात कधी गेलाच नव्हता. त्या दिवसापासून मी वहीच्या मागे शब्द लिहायला लागले : धुरकं, भुरकं, जाळं, चिलटं फिरतात, पाण्यातून बघितल्यावानी. शेजारी रफिकभाईंनी सांगितलेले त्यांच्या घरातले शब्द. रफिकभाई मंठ्याचे. घरात उर्दू, दवाखान्यात मराठी, आणि चिडले की दोन्ही.

त्यांच्याच ओळखीच्या रझियाआपा, उर्दू शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, एकदा आल्या. त्यांना मराठी वाचता येत होतं, म्हणून अक्षरांचा तक्ता लावला. त्यांनी ओळीतलं एकही अक्षर माझ्या क्रमाने सांगितलं नाही. मी चुकीच्या फुल्या मारत होते. तेवढ्यात रफिकभाई हसून म्हणाले, "मॅडम, आपा बराबर बोल रहे. तुम उल्टी तरफ से सुन रहे." त्या उजवीकडून वाचत होत्या. आपा ओशाळून म्हणाल्या, "मराठी डावीकडून वाचायची हे ठाऊक आहे हो. पण नजर अपनेआप पैले इधरीच जाती." मराठी पुस्तक वाचताना असं होत नाही, पण परीक्षेला बसवलं की नजर बालपणीच्या वाटेने जाते म्हणाल्या. मला गंमत वाटली. वहीत लिहून ठेवलं. आपण फार बारीक लक्ष देणारी बाई आहोत असं मला वाटायला लागलं होतं, आणि घात नेमका त्यातच झाला.

टेंभुर्णीलाच एका शिबिरात एक शेतकरी आजोबा समोर बसले. शाळेची खोली होती. मी विचारलं, "बाबा, दात कुठल्या बाजूला?"

"उगवतीला."

"डावीकडे की उजवीकडे, तेवढं सांगा."

"डावं-उजवं माझ्या अंगाला हाय बाई," आजोबा शांतपणे म्हणाले. "त्या पाटीला कुठून आलं? आन् असंलच, तर तिचं डावं धरू का माझं?"

पुढे लक्षात आलं की जुन्या माणसांत असं बोलणारे बरेच आहेत. घरातसुद्धा, "तांब्या मावळतीच्या कोनाड्यात हाय", "सरक जरा उगवतीला". जेवताना ताटातली चटणी कुठे ठेवायची तेही असंच सांगणारी एक बाई मी ऐकली आहे. मला फार मजा वाटली. त्या खोलीत आजोबांनी बाकीचे ई सांगितले तेव्हा मी पडताळून बघितलं : उगवत म्हणतात तेव्हा दात उजवीकडे, मावळत म्हणतात तेव्हा डावीकडे. आमच्या दवाखान्यातल्या खोलीतही तसंच जुळलं. मी तक्त्याच्या उत्तरांच्या कागदावर कडेला पेन्सिलीने लिहून टाकलं : उगवत म्हणजे उजवी, मावळत म्हणजे डावी. इथली भाषा शिकले म्हणून घरी नवऱ्यापुढे मिरवलंसुद्धा.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी कोंडाबाई आल्या.

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात त्यांची मोसंबीची बाग होती, चार शेळ्या होत्या, आणि मळ्यातल्या घरात त्या एकट्या राहत. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा दत्ता संभाजीनगरला कंपनीत. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलेला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि महिन्याभराने तपासणीला दत्ता त्यांना घेऊन आला. मुलगा चांगला होता, हे मुद्दाम सांगते. त्याने आत येतानाच मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, आईचं आन् माझं ठरलंय. नजर आली असंल तर ती मळ्यात राहील, मी शब्द काढणार न्हाई. न्हाई आली तर मी तिला घेऊन जाणार. विहीर हाय, साप-किरडू हाय. तुम्ही सांगाल ते फायनल."

म्हणजे बाईचं घर माझ्या पेन्सिलीच्या टोकावर होतं, आणि मला ते माहीत होतं.

त्या आठवड्यात आमच्या खोलीला रंग चालला होता. तक्ता समोरच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर लावला होता. मी टेबलाशी मान खाली घालून बसले. रफिकभाई त्या दिवशी रजेवर होते, दुसरंच कोणी पट्टी धरून उभं होतं.

"आजी, सगळ्यात वरचा. दात कुठे?"

"मावळतीला."

माझ्या कागदाप्रमाणे उत्तर होतं उजवी. मी फुली मारली. पुढचा, "खाली", बरोबर. पुढचा, "उगवतीला", चूक. वरचे आणि खालचे सगळे बरोबर, बाजूचे सगळे चूक. एवढा मोठा वीतभर ई, आणि तोही चूक. मी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"आजी, नीट बघून सांगा. घाई नाही."

"बघूनच सांगून राह्यले बाई. मला दिसून राह्यलं ना. तुमच्या बांगड्या हिरव्या हायेत. एक टिचलेली हाय."

मी हसले. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐकून आपण जसं हसतो, तसं. बांगडी टिचली होती हे मी घरी गेल्यावर बघितलं, आणि तरीही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

आता विचार करते तेव्हा स्वतःच्या बुद्धीची कमाल वाटते. ज्याला दिसत नाही तो अंदाजाने सांगतो, आणि अंदाजाने सांगितलं की काही उत्तरं बरोबर येतातच. बाजूचा प्रत्येक ई न चुकता उलटा सांगायला तो आधी स्वच्छ दिसावा लागतो. कोंडाबाईंचं एकही चुकलं नव्हतं. माझ्या कामातलं हे अगदी बाळबोध गणित आहे. पण बाहेर रांग होती, आणि मला तर त्यांची भाषा येत होती.

मी कागदावर लिहिलं : 'रुग्णास वर-खाली समजते, बाजू समजत नाही. दिशाभान नाही. एकटे ठेवू नये.' सर्जनांनी डोळा बघितला. भिंग जागेवर होतं, पडदा साफ होता. माझा कागद वाचून तेही म्हणाले, मग हे वयाचं असेल. दत्ताने कागद घडी घालून खिशात ठेवला. कोंडाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या मुलाच्या मागे निघून गेल्या. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं.

चार महिने गेले. खोलीचा रंग कधीच वाळला होता, आम्ही आमच्या भिंतीवर परत आलो होतो. मग एक दिवस छत गळायला लागलं आणि पुन्हा तक्ता उचलून समोरच्या खोलीत न्यावा लागला. सकाळची वेळ. एक मेंढपाळ बाबा समोर बसलेले. त्या दिवशी पेन चालत नव्हतं म्हणून मी मान वर केली होती, एवढंच निमित्त.

"मावळतीला," बाबा म्हणाले, आणि सवयीने हातही केला. हात उजवीकडे गेला.

मी हाताकडे बघितलं, मग कागदावरच्या पेन्सिलीच्या ओळीकडे. "बाबा, मावळत म्हणता आणि हात उजवीकडे करता?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तपासणी त्यांची नव्हे, माझीच चालली आहे. "मंग मावळत कोणीकडं असती?"

रफिकभाई पट्टी घेऊन उभे होते. त्यांनी डावीकडच्या खिडकीतून आत आलेल्या उन्हाकडे बोट केलं. "मॅडम, सूरज तो इधर से निकला सुबे. तक्ता फिर गया. सूरज कायकू फिरेंगा?"

जुन्या खोलीत पेशंट उत्तरेकडे तोंड करून बसे, या खोलीत दक्षिणेकडे. टेंभुर्णीच्या शाळेतही तक्ता योगायोगाने उत्तरेच्याच भिंतीवर होता. मी शब्द शिकले होते आणि त्याला माझ्या उजव्या हाताला बांधून ठेवलं होतं. मी वळले की माझं डावं-उजवं माझ्याबरोबर वळतं. या लोकांचं वळत नाही. खोलीत शिरताना, बाकावर बसताना, गाडीत झोप लागून उठल्यावरसुद्धा त्यांच्या डोक्यात कुठेतरी सूर्याचा हिशेब चालू असतो, कारण त्याशिवाय त्यांना साधं वाक्यही बोलता यायचं नाही. मी ते वाक्य बोलत होते, पण हिशेब ठेवत नव्हते.

त्या रंगाच्या आठवड्याचं रजिस्टर काढलं. बाजू चुकलेली चार नावं निघाली. तिघं आसपासचे होते, त्यांना निरोप पाठवून दोन दिवसांत पुन्हा तपासलं. चौथं नाव कोंडाबाई. दत्ताला फोन केला तर तो म्हणाला, "आई इथंच हाय मॅडम. पण आता जास्तच झालंय तिचं. तुम्ही बोल्ल्या ते बरोबरच निघालं."

रविवारी सकाळी मी लहान अंतराचा तक्ता पिशवीत घालून संभाजीनगरला गेले. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, खिडक्या दोन, आणि दोन्हींसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. कोंडाबाई पलंगावर बसल्या होत्या. चांगल्या निम्म्याने वाळल्या होत्या. मला बघून त्यांनी नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "बाई, उगवत कोणीकडं हाय हितं?"

सून हळूच म्हणाली, "बघा ना मॅडम. आल्या-गेल्याला हेच विचारतात. रात्रीच्या झोपत नाहीत, उशी इकडून तिकडं करत बसतात."

"उत्तरेला डोस्कं करून निजू न्हाई म्हन्तेत," कोंडाबाई म्हणाल्या. "हिला विचारलं उगवत कोणीकडं, तर म्हन्ती डावीकडं. मी ह्या अंगाला निजले तरी डावीकडं, त्या अंगाला निजले तरी डावीकडंच."

त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी खाली गेले. आवारात सूर्य दिसत होता. लिफ्टमध्ये शिरले असते तर दिशा चुकली असती, म्हणून उजवा हात सूर्याकडे ताणून धरला आणि जिन्याने चढायला लागले. प्रत्येक वळणावर हात तसाच, अंग फिरवायचं. तिसऱ्या मजल्यावर एका गृहस्थांनी चौकशी केली, हाताला काही लागलंय का. तशीच दारातून आत गेले आणि पलंगासमोरच्या भिंतीला हात टेकवला.

"आजी, ही उगवत."

कोंडाबाईंनी उठून आधी उशी उचलली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. चार महिने उशी फिरवूनही आदल्या रात्री त्या उत्तरेलाच डोकं करून निजल्या होत्या.

मी तक्ता दक्षिणेच्या भिंतीवर धरला. दत्ताला म्हटलं, "तुम्ही शेजारी उभे राहा, आणि माझ्याऐवजी तुम्ही तपासा." मावळत, खाली, उगवत, वर. त्या अगदी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत गेल्या. मग मी तक्ता घेऊन समोरच्या, उत्तरेच्या भिंतीपाशी गेले. त्याच तक्त्याचे उगवतीचे ई त्यांनी मावळतीला पाठवले आणि मावळतीचे उगवतीला, न अडखळता. उगवतीच्या भिंतीवर धरला तर लगेच उत्तर-दक्षिण म्हणायला लागल्या. दत्ता बोटाने मोजत होता. मोजता मोजता त्याचा हात थांबला आणि तो खुर्चीवर बसला. "आई, तू मला सांगितलं का न्हाईस, तुला दिसतंय म्हणून?"

"सांगितलं की. रोज सांगत व्हते. तू कागद दाखवायचा."

तो कागद त्याने कपाटातून आणला. मी आयुष्यात हजारो शेरे लिहिले, पण ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला वाचून दाखवलेला हा पहिला. रुग्णास बाजू समजत नाही. दिशाभान नाही. एकटे ठेवू नये. दिशाभान म्हणजे काय, हे कोंडाबाईंनी विचारलं. मी सांगितलं, "कुठे काय आहे, आपण कुठे आहोत, हे ज्याला कळत नाही तो."

"मंग ही दुसरी कोणी असंल," त्या म्हणाल्या. "मला हितं आणून बसवलं आन् मंग मी तशी झाले. आंदी नव्हते."

मी त्यांची माफी मागितली. शब्द नीट जुळले नाहीत, पण मागितली. नवा कागद लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि सही केली. दत्ता म्हणाला, उद्याच सुट्टी टाकतो आणि मळ्यात नेऊन घालतो. सून म्हणाली, पण शेळ्या तर विकल्या. बागेचं त्या वर्षीचं पाणी चुकलं होतं, बरीच झाडं वाळल्याचं दत्ताने मान खाली घालून सांगितलं. कोंडाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या लुगड्याच्या घड्या पिशवीत घालत होत्या.

निघताना मी म्हटलं, "आजी, डावा डोळा अजून राहिलाय. पण आता माझ्याकडे नको वाटत असेल तर मी जिल्ह्याला दुसऱ्या बाईंना सांगून ठेवते. त्या हुशार आहेत."

"नगं," कोंडाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडंच दाखवीन. नव्या बाईला शिकवायचं म्हंजी परत माझेच चार महिने जायचे."